टेप काळी, कुपी पिवळी: एका दंत दवाखान्यातलं प्रकरण

बुधवारी सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा आतल्या दोन्ही कुप्या पिवळ्या झाल्या होत्या. एक पिवळी व्हायलाच हवी होती. ती तुलनेसाठी ठेवलेली कुपी, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उपकरणं दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये, कधी गेलेलीच नव्हती. दुसरी सोमवारी रात्रीच्या लोडमधून, म्हणजे एका वेळी भरलेल्या उपकरणांमधून, आली होती आणि तिने जांभळंच राहायला हवं होतं.

ही स्पोअर टेस्ट. कुपीतल्या पट्टीवर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे साधारण १ लाख ते १० लाख बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली झोपलेली रूपं, असतात. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण वाफेच्या उष्णतेत इतका चिवट जीव क्वचितच सापडतो, म्हणून त्याला परीक्षक नेमलेलं आहे. लोडमधून बाहेर काढून कुपी ५६ अंशांच्या आसपास ठेवायची. बीजाणू जगले असतील तर ते वाढतात, आम्ल तयार होतं आणि रंग जांभळ्याचा पिवळा होतो. म्हणजे आमच्या ऑटोक्लेव्हमधून, पूर्ण सायकल होऊनही, जिवाणू जिवंत बाहेर आले होते.

माझ्या असिस्टंट ताई नऊ वर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांनी सोमवारच्या लोडमधला एक पाउच, म्हणजे उपकरण सील केलेली कागद-प्लास्टिकची पिशवी, आणून माझ्यासमोर धरला.

"पण मॅडम, टेप तर काळी झालीय."

झाली होती. प्रत्येक पाउचवरची झाली होती. हे प्रकरण लिहायचं कारण तेच. दवाखान्याची ओळख पटेल असं काही इथे देत नाही, बाकी जसं घडलं तसं सांगते.

मशीन ठीक होतं

स्पोअर टेस्ट फसली की काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. ऑटोक्लेव्ह वापरातून काढायचं, मागची टेस्ट पास झाल्यापासून त्यातून निघालेलं सगळं परत गोळा करायचं, कामाची पद्धत तपासायची आणि पुन्हा टेस्ट लावायची. आम्ही कपाटातला एकूण एक पाउच काढला. त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. ज्यांना दुखत होतं त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

दुपारी मी स्वतः लोड लावला. पाउच उभे, एकमेकांना न चिकटता, फोर्सेप (दात काढायचे चिमटे) उघडे, मध्ये कुपी. १२१ अंश, ३० मिनिटं. काट्यांनी तापमान आणि दाब बरोबर दाखवला, लोडमध्ये ठेवलेली पाचव्या वर्गाची पट्टीही, म्हणजे वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही तपासणारी, पास झाली. दुसऱ्या दिवशी कुपी जांभळी होती.

नियमाच्या दृष्टीने इथे ऑटोक्लेव्ह पुन्हा वापरात घेता आलं असतं. 'लोड लावण्यात चूक झाली असावी' एवढं रजिस्टरमध्ये लिहून विषय संपला असता. पण 'असावी' हा शब्द मला बोचत होता. मी ताईंना म्हटलं, सोमवारी जसं भरलं होतं अगदी तसंच भरून दाखवा. रागावणार नाही, मला फक्त बघायचंय.

त्यांनी भरायला सुरुवात केली. सोळा-सतरा पाउच नीट मावतील त्या ट्रेवर एकतीस पाउच गेले. आडवे, एकावर एक, ओल्या कागदांची चळत लागावी तसे. कागदाची बाजू दुसऱ्या पाउचच्या प्लास्टिकखाली दबलेली. एक्स्ट्रॅक्शन फोर्सेप मिटलेले, कारण उघडे ठेवले तर पाउच जाड होतो आणि जागा खातो. सगळ्यात वर उपकरणांची आडवी कॅसेट. दार लावताना त्यांना गुडघ्याने थोडा रेटा द्यावा लागला.

त्या चळतीच्या पोटात मी कुपी ठेवली. ती पिवळी झाली.

कारण साधं आहे. आमचं ऑटोक्लेव्ह जुन्या पद्धतीचं होतं, त्याला हवा ओढून घेणारा पंप नव्हता. अशा मशीनमध्ये वाफ वरून भरत जाते आणि जड हवेला खाली ढकलून बाहेर काढते. चळत गच्च असली की पाउचांच्या मधली हवा तिथेच अडकते. जिथे हवा आहे तिथे वाफ पोहोचत नाही, आणि नुसती गरम हवा १२१ अंशांना ३० मिनिटांत काहीही निर्जंतुक करत नाही. कोरड्या उष्णतेला १६० अंशांवर तब्बल २ तास लागतात, तो फरक इथे आठवावा. बाहेरचा काटा चेंबरचं तापमान सांगतो. तिसऱ्या थरातल्या मिटलेल्या फोर्सेपच्या सांध्यात काय चाललंय, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

आणि टेप? तिच्यावरची रेघ उष्णतेला पुरेशी सामोरी गेली की काळी पडते. पाउच मशीनमध्ये जाऊन आलाय की नाही, हे एका नजरेत कळावं, प्रक्रिया केलेला आणि न केलेला माल मिसळू नये, एवढंच तिचं काम. आत वाफ किती वेळ, किती अंशांना टिकली याबद्दल ती बोलत नाही. नऊ वर्षं ताई त्या काळ्या रेघेकडे बघून निश्चिंत होत होत्या, कारण मी त्यांना तसंच शिकवलं होतं. मला माझ्या सिनिअरने तसंच शिकवलं होतं.

दोन रजिस्टरं शेजारी शेजारी

एकतीस पाउच एका वेळी का भरले? लोड दोनदा लावता आला असता.

"वेळच नव्हता मॅडम. सगळं शेवटी एकदमच लावलं."

हे उत्तर मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. मग शुक्रवारी रात्री दवाखाना बंद झाल्यावर निर्जंतुकीकरणाचं रजिस्टर आणि अपॉइंटमेंटची वही टेबलावर शेजारी शेजारी उघडली. एकात सायकल सुरू झाल्याच्या वेळा, दुसऱ्यात रुग्ण आणि काम. तीन महिने मागे गेले.

आमच्याकडे दोन खुर्च्या आणि चार एअररोटर हँडपीस, म्हणजे दात कोरायची हवेवर फिरणारी हत्यारं, होती. हँडपीस वापरून झाल्यावर बाहेरून धुणं, तेल देणं, पाउचमध्ये सील करणं, मशीन तापणं, ३० मिनिटांची सायकल, वाळवणं आणि हातात धरण्याइतकं थंड होणं, हे सगळं धरून दीड तास लागतो. संध्याकाळचं सत्र चार तासांचं, नऊला संपणारं. बहुतेक दिवशी मध्ये एक सायकल लागलेली दिसत होती, म्हणजे चारऐवजी आठ हँडपीसची सोय. ते कसंबसं पुरत होतं.

पण अकरा संध्याकाळी अशा निघाल्या की पूर्ण सत्रात एकच सायकल, तीही पावणेनऊनंतर सुरू झालेली. त्या अकरा संध्याकाळी मिळून ८३ रुग्णांवर एअररोटर वापरला होता. रोज पहिल्या चौघांना निर्जंतुक हँडपीस मिळाला असं धरलं तर ४४ होतात. उरले ३९.

त्या ३९ जणांच्या तोंडात काय गेलं, हे विचारायला मला शनिवार उजाडेपर्यंत थांबावं लागलं. उत्तर मला रात्रीच कळलं होतं.

"स्पिरिटने पुसून घेत होते," ताई म्हणाल्या. "नीट पुसत होते. दोन-दोनदा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हँडपीस कमी पडतात, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

सांगितलं होतं. एकदा मी "बघू" म्हटलं होतं. दुसऱ्यांदा काय म्हटलं, ते मला आठवतही नाही. त्या अकराही संध्याकाळी एका खुर्चीवर मीच काम करत होते. पाचव्या रुग्णाला हँडपीस पाउचमधून फाडून निघाला नाही, ट्रेवरून उचलून दिला गेला, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

पुसणं का पुरत नाही

ज्यांनी हँडपीस आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते, कारण या प्रकरणातला खरा धोका तिथे आहे.

एअररोटरच्या डोक्यात छोटी टर्बाइन असते. दाबाच्या हवेने ती मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. पायाचं पेडल सोडलं की हवा थांबते, पण टर्बाइन त्याच क्षणी थांबत नाही. ती भोवरा विझावा तशी विझत जाते, आणि त्या अवधीत डोक्यात कमी दाब तयार होऊन तोंडातली लाळ, रक्त, दाताचा चुरा आत ओढला जातो. नव्या बनावटींत हे कमी करणाऱ्या झडपा असतात, पण कमी करणं म्हणजे बंद करणं नव्हे. पुढच्या रुग्णाच्या तोंडात पेडल दाबलं की आत गेलेलं पाण्याच्या फवाऱ्यासोबत बाहेर येऊ शकतं. स्पिरिटचा बोळा या सगळ्याच्या बाहेरून फिरतो.

मी ताईंसमोरच करून पाहिलं. स्पिरिटने पुसून चकचकीत केलेला एक हँडपीस घेतला, मागच्या नळीतून तेलाचा स्प्रे मारला आणि डोकं पांढऱ्या गॉजवर धरून दोन सेकंद चालवला. गॉजवर तपकिरी-करड्या ठिपक्यांचा एक पंखा उमटला. त्यातलं तेल किती, झिजलेल्या धातूची पूड किती आणि आधीच्या रुग्णाचं किती, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. ताईंनी तो गॉज बराच वेळ हातात धरून ठेवला.

शिवाय स्पिरिट बीजाणू मारत नाही, आणि वाळलेल्या रक्ताच्या थराखाली नीट शिरतही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो, आणि तो पसरायला डोळ्यांना दिसेल एवढं रक्त लागत नाही. म्हणूनच हँडपीस दर रुग्णानंतर उष्णतेने निर्जंतुक करायचे, नुसते पुसून किंवा रसायनात बुडवून भागवायचे नाहीत, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००३ च्या दंतचिकित्सा मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. उपकरणांच्या वर्गवारीत हँडपीस मधल्या गटात बसतो, म्हणजे श्लेष्मल त्वचेला लागणारा पण हाडात-ऊतीत न शिरणारा. एरवी या गटाला उच्च पातळीचं रासायनिक जंतुनाशन चालू शकतं. हँडपीस त्याला अपवाद आहे आणि तो अपवाद त्याच्या पोटातल्या पोकळीमुळे आहे.

ही पोकळी आणखी एका कारणाने नडते. पंप नसलेल्या मशीनमध्ये अरुंद नळीतली हवा हटत नाही. पोकळ उपकरणांसाठी आधी निर्वात पोकळी करून मग वाफ सोडणारं, ज्याला बी वर्गाचं म्हणतात ते ऑटोक्लेव्ह लागतं. त्यामुळे आमचे पहिले चार हँडपीस, ज्यांना मी वर 'निर्जंतुक' धरलं, त्यांच्याबद्दलही माझी खात्री उरली नाही. पण पूर्ण सायकलमधून गेलेला आणि नुसता पुसलेला यांत मोठा फरक आहे, आणि कुठेतरी रेघ ओढणं भाग होतं.

सांगायचं की नाही

माझ्या भागीदार डॉक्टरांचं म्हणणं होतं की लोकांना उगाच घाबरवू नये. धोका फार कमी आहे, पद्धत सुधारू, पुढे जाऊ. त्यांचं पहिलं विधान चूक नव्हतं. दंत दवाखान्यातून एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्याला झाल्याची सिद्ध झालेली उदाहरणं मोजकी आहेत. पण ती मोजकी का आहेत, याचाही विचार करायला हवा. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो. निदान होईल तेव्हा कुठल्या संध्याकाळी कुठल्या खुर्चीत बसलो होतो, हे कुणाला आठवतं?

ओक्लाहोमातल्या तुलसा इथल्या एका मुखशल्यचिकित्सकाच्या दवाखान्यात २०१३ मध्ये निर्जंतुकीकरणाचे गंभीर दोष सापडले तेव्हा सुमारे ७००० रुग्णांना तपासणी करून घ्या असं कळवण्यात आलं. त्यातून विषाणूची जनुकीय तुलना करून हिपॅटायटिस सी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं सिद्ध झालं. अमेरिकेत दंत दवाखान्यात हिपॅटायटिस सी असा पसरल्याची ती पहिली नोंद. पत्रं गेली नसती तर ती नोंदही झाली नसती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं दुसरं एक प्रकरण तर जास्त अस्वस्थ करतं. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दात काढलेल्या दोन रुग्णांत हिपॅटायटिस बीचा एकच विषाणू सापडला, आणि तपासात पद्धतीचा ठळक दोष काही मिळाला नाही. आमच्याकडे दोष हातात होता.

मी एका सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरातलं कुणी त्या ३९ मध्ये असतं तर तुम्ही त्यांना कधी सांगितलं असतं? सोमवारपासून मी फोन करायला लागले. ताईंना करू दिले नाहीत. काय घडलं, धोका किती, कुठल्या तपासण्या आणि त्यांचा खर्च दवाखान्याचा, हे क्रमाने सांगत गेले. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, एकदा लगेच आणि एकदा त्या संध्याकाळपासून सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही विचारलं.

काही जण चिडले. एक बाई रडल्या, त्यांचं बाळ तीन महिन्यांचं होतं. एका आजोबांनी शांतपणे ऐकून "बरं केलंत सांगितलंत" एवढंच म्हटलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. चौतीस जणांनी तपासणी केली. पाच जणांनी नको म्हटलं.

चौतीसपैकी एकाच्या रक्तात हिपॅटायटिस सी सापडला. त्यांना कित्येक वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं, यकृताच्या तपासणीतही जुन्या आजाराच्या खुणा होत्या, त्यामुळे तो आमच्याकडून गेलेला नसणार असं तज्ज्ञांचं मत पडलं. पण ते त्या संध्याकाळचे सहावे रुग्ण होते, आणि त्यांच्यानंतर दोघं होते. अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून त्या दोघांची विषाणूच्या आरएनएची तपासणी केली. ती संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच पकडते. अहवाल यायला चार दिवस लागले. दोन्ही निगेटिव्ह आले, सहा महिन्यांनीही निगेटिव्हच. त्या पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले. आता गोळ्यांनी हा आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

हा निकाल आमची पद्धत ठीक होती याचा पुरावा नाही.

काय बदललं

पहिलं, हिशेब. दीड तासात दोन खुर्च्यांवर किती वेळा एअररोटर लागतो, लोड भरेपर्यंत किती हँडपीस थांबून राहतात, एखादा दुरुस्तीला गेला तर काय, हे मांडलं तर आकडा दहाच्या खाली येईना. दहा घेतले. माझ्या मते दंत दवाखान्यातला संसर्ग रोखण्याचा निम्मा प्रश्न या एका गणितात आहे. चार हँडपीस आणि आठ रुग्ण अशी संध्याकाळ जिथे रोज येते, तिथे भिंतीवर कितीही सूचना लावा, पाचव्या रुग्णाच्या वेळी कुणीतरी बोळा हातात घेणारच. तो घेणारा हात नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचा असतो, आणि नंतर दोषही त्याच्याच माथी येतो.

ऑटोक्लेव्ह बी वर्गाचं घेतलं. रोज सकाळी रिकाम्या चेंबरची बोवी-डिक टेस्ट (हवा पूर्ण निघते का हे बघणारी), दर आठवड्याला स्पोअर टेस्ट, आणि कुपी लोडच्या सगळ्यात अडचणीच्या जागी. प्रत्येक पाउचवर तारीख आणि सायकलचा नंबर. तो नंबर रुग्णाच्या केसपेपरवर उतरतो, म्हणजे पुन्हा कधी कुपी पिवळी झालीच तर दोन रजिस्टरं घेऊन रात्र काढावी लागणार नाही.

धुण्याची जागाही बदलली. आधी वापरलेली उपकरणं तासभर कोरडी पडून राहायची, मग घासायची. आता ती लगेच एन्झाइमच्या द्रावात जातात, नंतर अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या टाकीत. रक्त वाळू दिलं की उष्णतेने ते आणखी घट्ट बसतं, आणि मळाखालच्या जिवाणूपर्यंत वाफ पोहोचत नाही. घासताना जाड रबरी हातमोजे सक्तीचे. सगळ्यांची हिपॅटायटिस बीची लस आणि त्यानंतर अँटिबॉडीची पातळी तपासून घेतली. पाहणी करताना तोंडात हवा-पाणी फवारणाऱ्या थ्री-वे सिरिंजचं टोकही नुसतं पुसलं जात होतं, हे लक्षात आलं. ते मला कधी खटकलंच नव्हतं.

रूट कॅनालच्या फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली पोकळी साफ करायच्या पिळदार सुया, आता एका रुग्णापुरत्याच वापरतो. त्यांच्या पिळांमध्ये अडकलेला गर अल्ट्रासॉनिकनंतरही पूर्ण निघत नाही, भिंगाखाली धरलं की दिसतो. इंग्लंडमध्ये २००७ पासून फाइल आणि तशाच रीमर एकदाच वापरण्याची सूचना आहे, तिथे कारण प्रायॉनचं होतं, म्हणजे मेंदूचा आजार पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाचं, जे नेहमीच्या ऑटोक्लेव्ह सायकलने नष्ट होण्याची खात्री देता येत नाही. त्या कारणाशिवायही, वारंवार वापरलेली फाइल दातात तुटते हे मला पुरेसं आहे.

आणि एक अधिकार ताईंना दिला: पाउच तयार नसेल तर काम थांबवायचा. कागदावर लिहून, माझ्या आणि भागीदारांच्या सहीनिशी.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी दोन हँडपीस दुरुस्तीला गेले होते आणि दोन इमर्जन्सी जास्तीच्या आल्या. मी रुग्णाला भूल दिली, ओठ बधिर झाला, हात पुढे केला. ताईंनी पाउच उचलला, उजेडाकडे धरला आणि कागदावर बोट फिरवलं. आत बाष्पाचे थेंब होते, कागद दमट होता. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपतात, म्हणून ओला पाउच निर्जंतुक धरत नाहीत.

"हा देत नाही मॅडम. दुसरा लोड निघायला वीस मिनिटं आहेत."

रुग्णाने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची सरळ केली, त्यांना पाणी दिलं आणि वीस मिनिटं का थांबायचं ते सांगायला बसले.